धंद्यासाठी ग्रुपचं कर्ज काढणाऱ्या बेळगावच्या बायकांसाठी: हप्ता, कार्ड आणि हिशेब

शहापूर_पेठ

शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ भागात घरातून धंदा करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. शिलाई, पिको-फॉल, भाकरी-चपाती, चटण्या-पापड, साड्यांची विक्री, भाजीची गाडी असे सगळे धंदे चालतात. बहुतेकींच्या धंद्यात मायक्रोफायनान्सचा (विनातारण छोट्या कर्जाचा) पैसा आहे, नाहीतर संघाचा, म्हणजे बचत गटाचा. पण हप्ता नेमका कसा बसतो, लोन कार्डावर काय बघायचं, ग्रुप कसा निवडायचा हे एका जागी मराठीतून लिहिलेलं सापडत नाही. कन्नडमध्ये फलक आहेत, इंग्रजीत नियम आहेत. ज्यांना या व्यवहाराची नेमकी माहिती आहे त्यांनी इथं आकड्यांसकट लिहावं. "कर्ज वाईट" किंवा "कर्ज चांगलं" एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

हिशेबवही

पहिल्यांदा व्याजाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते.

५०,००० रुपये, २४ महिने, २४ टक्के घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलीवरच व्याज) धरा. महिन्याचा हप्ता सुमारे २,६४४ येतो. दोन वर्षांत एकूण ६३,४४५ जातात, म्हणजे व्याज साधारण १३,४४५.

हेच कर्ज "साडेतेरा टक्के फ्लॅट" म्हणून सांगितलं तरी हप्ता जवळपास तोच येतो. फ्लॅटमध्ये पूर्ण ५०,००० वर दोन्ही वर्षं व्याज धरतात, तुम्ही फेडलेली मुद्दल वजाच होत नाही. आणि कुणी खरोखर २४ टक्के फ्लॅट लावलं तर व्याज २४,००० आणि हप्ता ३,०८३. घटत्या हिशेबात तो दर ४१ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून "किती टक्के?" एवढंच विचारून उपयोग नाही. "घटत्या शिलकीवर किती, आणि सगळा खर्च धरून वार्षिक दर किती?" असं विचारायचं.

आता हातात येणारी रक्कम बघा. प्रोसेसिंग फी १ टक्का म्हणजे ५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. नवरा-बायकोचा विमा उदाहरणादाखल १,२०० धरा. हातात आले ४८,२१०, हप्ता मात्र ५०,००० चाच. तेवढ्यानं २४ चा दर २८ टक्क्यांच्या जवळ पोचतो. वितरणाच्या दिवशी खात्यात किती पडले ते पासबुकात बघा आणि फरकाचा रुपयान् रुपया कार्डावर लिहिलेला आहे का ते जुळवा.

माजी_फिल्ड

हिशेबवहींच्या आकड्यांना नियमांची जोड देतो. रिझर्व्ह बँकेची मायक्रोफायनान्सची चौकट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. बँक असो, स्मॉल फायनान्स बँक असो की एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी), सगळ्यांना तीच. गल्लीच्या पातळीवर त्यातलं कामाचं असं:

घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल आणि कर्ज विनातारण असेल तरच ते मायक्रोफायनान्स. दागिना, घराची कागदं, कोरा चेक मागितला तर तिथंच थांबा. "घर" म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. सासूच्या नावावरचं कर्ज नियमानं तुमच्या घरात मोजलं जात नाही, नवऱ्याच्या गाडीचा हप्ता मात्र मोजला जातो.

सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. २०,००० उत्पन्न असेल तर १०,००० ही शेवटची मर्यादा. इथं एक गोष्ट सारखी होते. फॉर्म भरताना उत्पन्न फुगवून लिहिलं जातं, म्हणजे कर्ज मोठं बसतं. बाईला त्या क्षणी बरं वाटतं. पण हप्ता खऱ्या उत्पन्नातून जाणार असतो, कागदावरच्या नाही. फॉर्मवर काय आकडा टाकला ते सही करण्याआधी वाचून घ्या.

मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. मिक्सर, कुकर, मोबाईल असलं काही कर्जासोबत घ्यायची सक्ती करता येत नाही. विमाही तुमच्या संमतीनंच.

वसुली आधी ठरवलेल्या सामायिक जागीच. सलग दोन किंवा जास्त वेळा तुम्ही त्या जागी आला नाहीत तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोनही नाही, येणंही नाही. शिव्या, धमकी, नातेवाइकांना फोन, नाव जाहीर करणं हे सगळं मना आहे.

वडगाव_हातमाग

कार्ड कन्नड-इंग्रजीत असतं. आमच्याकडच्या मोठ्या बायकांना दोन्ही वाचता येत नाही. मग?

माजी_फिल्ड

लोन कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, असाच नियम आहे. शाखेत अर्ज द्या: "मला मराठी समजते, लोन कार्ड व खर्चाचा तक्ता मराठीत मिळावा." दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. महाराष्ट्रात काम करणाऱ्या संस्थांकडे मराठी नमुने तयार असतात, त्यांना नवीन छापायची गरज पडत नाही. हा अर्ज कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी द्या. कर्ज वाटून झालं की त्या कागदाची कुणाला घाई राहत नाही.

कार्डावर पाच गोष्टी असायलाच हव्यात: तुमची ओळख, दर आणि सगळ्या खर्चाचा सोपा तक्ता, बाकीच्या अटी, प्रत्येक हप्त्याची पोच, आणि तक्रार कुठं करायची ते. कर्ज संपल्यावर "पूर्ण फेड" ही नोंद त्याच कार्डावर मागा. ते कार्ड चार-पाच वर्षं जपा. हप्ता भरल्यावर "कार्ड राहू दे, नंतर भरतो" हे ऐकू नका. रोख दिले तर तिथल्या तिथं सही आणि मोबाईलवर मेसेज, दोन्ही पाहिजेत.

भाकरी_केंद्र_माहिती

हप्ता परवडतो का हे धंद्याच्या रोजच्या गणितावर ठरतं. भाकरी केंद्राचं उदाहरण घेऊया. दर आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्या.

१ किलो ज्वारीच्या पिठात साधारण १२ ते १४ भाकरी होतात. रोज १२० भाकरी धरल्या तर ९ ते १० किलो पीठ. भाकरी १२ रुपयांनी गेली तर गल्ला १,४४०. पीठ ४५० चं, व्यावसायिक सिलिंडरचा रोजचा वाटा १९०, मदतनीस बाईला ३००, चटणी-कागद-पिशव्या ८०. खर्च १,०२०, उरले ४२०. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,९२०.

यावर २,६४४ चा हप्ता बसतो. पण तीन गोष्टी तपासा. पहिली, व्यावसायिक सिलिंडर धरलाय का? घरगुती सिलिंडरवर हिशेब मांडला की नफा उगाच मोठा दिसतो आणि पकडलं तर धंदाच बंद पडतो. दुसरी, आजारपण, लग्नकार्य, सुतक. महिन्यात १८ च दिवस चूल पेटली तर उरतात ७,५६०. हप्ता याच आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसला पाहिजे, म्हणजे २,५२० च्या आसपास. म्हणून ५०,००० च्या ऐवजी ४५,००० घेणं जास्त शहाणपणाचं. तिसरी गोष्ट उधारी. खानावळ किंवा मेस १५ दिवसांनी पैसे देत असेल तर तुमचे १,०२० गुणिले १५ म्हणजे १५,३०० सतत बाहेर अडकलेले असतात. कर्जाचे सगळे पैसे पीठ मळायच्या मशीनमध्ये घातले की आठव्या दिवशी पीठ आणायला पैसे नसतात, आणि दुसरं कर्ज तिथूनच सुरू होतं. मशीन निम्म्यात बसवा, निम्मे खेळतं भांडवल म्हणून ठेवा.

शहापूर_पेठ

हे फार उपयोगी आहे. शिलाईवाल्यांचं काय? त्यांची कमाई हंगामी असते. मे-जूनमध्ये गणवेश, मग गणपती-दिवाळी आणि लग्नसराई. हप्ता मात्र बारा महिने.

पिग्मी_आणि_पतसंस्था

हंगामी धंद्याला पिग्मीसारखा (रोज थोडे पैसे एजंटकडे भरायची बचत) आधार नाही. आपल्या कर्नाटकाचीच ही पद्धत आहे, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केलेली. बेळगावात आज गल्लोगल्ली सोसायट्यांचे पिग्मी एजंट फिरतात. रोज ११० रुपये, महिन्यात २५ दिवस, म्हणजे २,७५०. एका हप्त्याला पुरून थोडे उरतात. भर हंगामात रोज ३०० टाका. निदान तीन हप्त्यांची रक्कम पिग्मीत साठल्याशिवाय पुढचं कर्ज उचलू नका. गणवेशाचं कापड मार्च-एप्रिलमध्ये घ्यावं लागतं आणि पैसे जूनमध्ये हाती येतात. मधले दोन-तीन हप्ते या साठ्यातून जातात. कर्ज घेतानाच हप्त्यांचं अंतर विचारा. पंधरवड्याचा की महिन्याचा, याला पर्याय देता येतो. साडीविक्री, शिलाई यांना महिन्याचा बरा, भाजीवाल्यांना पंधरवड्याचा चालतो.

दोन सावधगिऱ्या. मुदतीआधी पिग्मी मोडली तर व्याज कापतात, म्हणून मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळतं का बघा. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, ते फक्त बँकांना असतं, त्यात सहकारी बँकाही आल्या. जास्त साठलं की बँकेत हलवा.

निपाणीकर

ग्रुपबद्दल लिहितो. पाच-सहा जणी एकमेकींना जामीन राहतात. एक आली नाही की बाकीच्या तिचा हप्ता भरतात. यात कुणाला घ्यायचं हा निर्णय व्याजदरापेक्षा मोठा आहे.

सगळ्यांचा धंदा एकच नको. निपाणीत पाचही जणी विडीवर असतील आणि पानं-तंबाखूचा पुरवठा महिनाभर कमी झाला, तर पाचही घरांत एकदमच पैसा थांबतो. वडगावात पाचही घरं मागावर असतील आणि सुताचा भाव चढला तर तीच गत. जामिनकीचा अर्थच असा की एकीचं अडलं तर दुसरीचं चालू असावं. म्हणून एक शिलाईची, एक खानावळीची, एक भाजीची, एक घरकाम किंवा नोकरीवाली असा ग्रुप जास्त टिकतो.

दुसऱ्यासाठी कर्ज काढणारी बाई ग्रुपमध्ये नको. "माझं नाव आधीच भरलंय, तू तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरते, तुला पाच हजार देते" हा प्रकार बेळगाव भागात खूप घरं बुडवून गेला आहे. कागदावर सही तुमची, खाते तुमचं, तर कर्ज तुमचंच. पोलिसात तक्रार करता येते, पण कर्जाची नोंद तुमच्याच नावावर चालत राहते. "अर्धं कर्ज माफ होणार आहे" असं सांगणाऱ्याला तर दारात उभंही करू नका.

खानापूर_रोड

एक शंका. गडहिंग्लज किंवा चंदगडच्या शाखेतून माहेरच्या पत्त्यावर घेतलेलं कर्ज इकडं दिसत नाही असं बऱ्याच जणी धरून चालतात.

माजी_फिल्ड

दिसतं. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला सीमा नाही. क्रिफ हाय मार्क, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन या चौघांकडे देशभरची नोंद जाते, आणि जानेवारी २०२५ पासून ती निदान दर पंधरवड्याला जाते. संस्थांनी स्वतःहून घातलेली मर्यादाही आहे: एका बाईला जास्तीत जास्त तीन मायक्रोफायनान्स संस्था आणि सगळं मिळून २ लाख. ६० दिवसांच्या वर ३,००० पेक्षा जास्त थकलं असेल तर नवीन कर्ज द्यायचं नाही. लपवून घेतलेलं चौथं कर्ज पुढं बँकेच्या मुद्रा (छोट्या धंद्यासाठीची सरकारी कर्ज योजना) अर्जाला आडवं येतं, तोटा तिथं होतो.

योजना_टिपण

मुद्रेचं नाव निघालंच आहे म्हणून लिहिते. मायक्रोफायनान्सच्या आधी हे तीन दरवाजे वाजवून बघा, पैसा स्वस्त पडतो. वेळ मात्र जास्त लागतो.

गाडीवर, रस्त्याकडेला, खासबागच्या रविवारच्या बाजारात विकणाऱ्यांना पीएम स्वनिधी. आधी १०, २० आणि ५० हजार असे टप्पे होते, आता पहिला १५,०००, दुसरा २५,०००, तिसरा ५०,०००. योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान खात्यात येतं. महानगरपालिकेचं विक्रेता ओळखपत्र किंवा शिफारसपत्र, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा मोबाईल जोडलेला नसल्यामुळं. १२ टक्के दर धरला तर १५,००० चा वर्षभराचा हप्ता १,३३३ च्या आसपास.

घरगुती युनिटला मुद्रा. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. तारण नाही. ५०,००० तीन वर्षांसाठी ११ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता १,६३७ आणि तीन वर्षांचं व्याज ९,००० च्या आत. वर हिशेबवहींनी दोन वर्षांचं १३,४४५ दाखवलंय, ते शेजारी ठेवून बघा. शाखेत रिकाम्या हातानं जाऊ नका. मशीनचं जीएसटी नंबर असलेलं कोटेशन, उद्यम ही छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी (ती फुकट होते, त्यासाठी कुणाला ५०० रुपये देऊ नका), सहा महिन्यांचा खाते उतारा, आणि एका पानावर भाकरी केंद्राच्या वरच्या उदाहरणासारखा हिशेब. विक्रीचे पैसे यूपीआयवर घेणाऱ्या बाईचं खाते आपोआप बोलतं. सगळं रोखीत घेतलं तर बँकेला धंदा दिसतच नाही.

तिसरी उद्योगिनी, कर्नाटक महिला विकास महामंडळाची. कर्ज ३ लाखांपर्यंत. सर्वसाधारण गटाला ३० टक्के, कमाल ९०,००० अनुदान. अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. वय १८ ते ५५, उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारण गटाला दीड लाख, अनुसूचित जाती-जमातींना २ लाख. अर्ज सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) आधीच काढून ठेवा. लग्न होऊन चंदगड-कोल्हापूर भागातून आलेल्या बायकांचं आधार, रेशन कार्ड अजून माहेरच्या पत्त्यावर असतं. ते बदलायला लागणारा वेळ धरूनच अर्जाचं वेळापत्रक आखा. आडनावही सगळीकडे एकच करून घ्या. आधारवर सासरचं, पासबुकात माहेरचं, असं असलं की अर्ज परत येतो.

संघ_सचिव

संघाबद्दल थोडं. लोक संघ आणि फायनान्स एकच समजतात. बचत गट म्हणजे १० ते २० जणी, आधी स्वतःची बचत, मग आपसात कर्ज, मग बँकेचं. धर्मस्थळ संघासारख्या ठिकाणी मधली संस्था बँकेची प्रतिनिधी म्हणून काम करते, कर्ज बँकेचंच असतं. तेव्हा पासबुक आणि मंजुरीपत्रावर कुठल्या बँकेचं नाव आहे ते बघून ठेवा.

बँक पाच गोष्टी तपासते: नियमित बैठक, नियमित बचत, आपसातलं कर्ज, वेळेवर फेड, लिहिलेल्या वह्या. यातली शेवटची सगळ्यात कच्ची असते. एकटी सचिवच वही लिहिते आणि बाकीच्या सह्या करतात. दर बैठकीला शिल्लक मोठ्यानं वाचा, तीन महिन्यांनी वही दुसरीच्या हातात द्या. आपसातलं कर्ज २ टक्के महिना ठेवलं तरी ते व्याज गटाकडेच राहतं. पाच-दहा हजारांची नड असेल तर ग्रुपच्या कर्जापेक्षा हीच वाट धरा.

राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० हप्त्यासाठी धरू नका. ते कधी दोन-दोन महिने एकदम येतात आणि हप्त्याची तारीख थांबत नाही. आले की पिग्मीत टाका.

वडगाव_हातमाग

आणि हप्ता थकलाच तर? दारात येऊन बसणारे असतात.

हिशेबवही

पहिला हप्ता चुकायच्या आधीच शाखेत लेखी द्या: कारण, किती दिवसांत भरणार, मुदत वाढवून मिळावी. चुकल्यावर चार महिन्यांनी दिलेल्या अर्जाला तेवढं वजन नसतं. हप्ता भरायला दुसऱ्या संस्थेचं कर्ज मात्र काढायचं नाही. त्यानं मुद्दल तेवढीच राहते आणि फी-विमा दोनदा जातो. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण या कर्जापेक्षा निम्म्या दरात पडतं. एकरकमी फेडून टाकायला दंड नाही, हे वर आलंच आहे.

घरात मृत्यू झाला तर तात्काळ शाखेला लेखी कळवा आणि विम्याचा दावा करा. दाखला हातात आल्यावर सांगू म्हणून थांबू नका. विमा कापला होता हेच घरच्यांना ठाऊक नसतं आणि हप्ते भरत राहतात. कार्डाचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये असू द्या.

माजी_फिल्ड

दारात बसण्याबद्दल: आधी समोरचा कोण ते बघा. ओळखपत्र मागा, संस्थेचं नाव कार्डावर जुळवा.

रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली संस्था असेल तर तक्रार पहिल्यांदा तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे, लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाईन करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. जोडायचं काय? कार्डाचा फोटो, आलेल्या फोनची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट, पहिल्या तक्रारीची पोच.

नोंद नसलेला सावकार किंवा फायनान्स असेल तर कर्नाटकाचा २०२५ चा कायदा आहे. आधी १२ फेब्रुवारीला अध्यादेश आला, मग विधिमंडळात कायदा झाला. धमकी, मारहाण, पाठलाग, घरातली वस्तू उचलून नेणं अशा जबरदस्तीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. अशा सावकारांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदणी करायची आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात. रिझर्व्ह बँकेच्या संस्था या नोंदणीतून बाहेर आहेत, पण मारहाण-धमकीचा साधा फौजदारी कायदा त्यांच्या माणसांनाही लागतोच.

या कायद्यामुळं कायदेशीर कर्ज माफ झालं असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. तसा समज धरून हप्ते थांबवणाऱ्यांचे क्रेडिट रिपोर्ट खराब होतात.

शहापूर_पेठ

शेवटचं विचारते. कर्ज फिटलं, कार्डावर शिक्काही आहे, पण बँकवाले म्हणतात "चालू दिसतंय". असं दोन-तीन ठिकाणी ऐकलं.

हिशेबवही

ताई, आधी तीन-चार आठवडे जाऊ द्या, कारण नोंद लगेच पोचत नाही. नंतर चारही ब्युरोंकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा. एकाच रिपोर्टवर थांबू नका. मायक्रोफायनान्सच्या नोंदी क्रिफ हाय मार्कमध्ये बहुधा जास्त सापडतात. चूक असेल तर त्या ब्युरोच्या साइटवर वाद नोंदवा, शिक्का मारलेल्या कार्डाचा फोटो जोडा, आणि तीच प्रत संस्थेच्या शाखेतही पोच घेऊन द्या. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे. नावाच्या स्पेलिंगमुळं दुसऱ्याच बाईचं कर्ज चिकटलेलं असेल तर आधार आणि मतदार ओळखपत्र दोन्ही जोडा. आपल्याकडे कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावं फार बदलतात, त्यामुळं हे वारंवार घडतं.